विषय माझ्या डोक्यात आहे

महाडात प्रत्येक प्रभागाला एक भाऊ असतो. आडनाव कोणतंही असो, पक्ष कोणताही असो (तो तसाही बदलत असतो), बाकीचा ऐवज ठरलेला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाइल आणि खिशात रबरबँड लावलेली छोटी डायरी. निवडणूक नसली तरी भाऊ उमेदवारच असतो. लग्नात अक्षता टाकताना त्याचं लक्ष नवरानवरीकडे कमी, मंडपात कोणत्या आळीची किती माणसं बसलीत याकडे जास्त. दहाव्याला तो भटजींच्या आधी पोचतो. विरेश्वराच्या छबिन्याला आलेल्या एकूण एक पालख्यांना खांदा देतो, कारण प्रत्येक पालखीमागे एक वाडी असते आणि प्रत्येक वाडीचा एक नातेवाईक महाडात मतदार असतो.

या भाऊला हवामान बदलाबद्दल काय वाटतं, हे विचारून बघायची मला खोड आहे. उत्तर पाठ आहे. भाऊ मान हलवतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "तो विषय माझ्या डोक्यात आहे." मग रबरबँड काढून डायरीत काहीतरी लिहितो.

काय लिहितो ते मला एका कोपरासभेत कळलं. एका निवृत्त गुरुजींनी उभं राहून विचारलं, "पॅरिस करारात दीड अंशाचं ठरलं होतं. त्यासाठी आपली नगरपालिका काय करणार?" सभा गार. भाऊ मात्र हसला. "गुरुजी, दीडच ना? आपल्याच जिल्ह्यात, भिऱ्याला, २०१७ च्या मार्चमध्ये ४६.५ होतं! आपण काय दीडला घाबरणारी माणसं आहोत?" टाळ्या पडल्या. मी शेजारीच होतो, डायरीत डोकावलो. तिथे लिहिलं होतं, 'गुरुजी. गटार. झाकण नाही.' खरं सांगायचं तर गुरुजींच्या दारातल्या गटाराला झाकण नव्हतंच.

तुम्ही काहीही सांगा, भाऊच्या डायरीत गटारच उमटतं. उष्माघात म्हणा, समुद्राची पातळी म्हणा, ध्रुवावरचं बर्फ म्हणा. शेवटी एक जेसीबी येतो, दोन दिवस खणतो आणि भाऊ त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढतो.

म्हणून त्याला अडाणी समजू नका. पाण्याचं त्याचं ज्ञान पुस्तकातलं नाही, पण पक्कं आहे. सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी साडेसहा, हे तो झोपेतही सांगेल. नदी महाबळेश्वरात उगवते, पोलादपुरावरून उतरते, पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. आणि भरतीचं पाणी खाडीतून उलटं महाडपर्यंत चढतं. वरून लोंढा आणि खालून भरती एकदम आली की पाण्याने जायचं कुठे? "बाजारपेठेत," भाऊ म्हणतो, "दुसरीकडे कुठे जागा ठेवलीय आपण?" रेड अलर्ट मोबाइलवर आला की तो आधी कालनिर्णय बघतो. हिशेब जुन्या खलाशांचा: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला किनाऱ्यावर भरती. वर महाडला पोचायला वेळ लागतो तो त्यात मिळवायचा. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा तोंडावर होती आणि वर महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. "पंचांग आणि वेधशाळा एकाच बाजूला झाल्या की आपण वरच्या मजल्यावर," असं भाऊचं त्यावरचं एका वाक्यातलं शास्त्र आहे.

बाकीच्या भाऊंचीही मतं मी ऐकली आहेत. एक म्हणतो, गाळ काढा. दुसरा म्हणतो, नदीतली बेटं काढा. तिसऱ्याच्या मते दासगावचा रेल्वेचा भराव पाणी अडवतो. चौथ्याला संरक्षक भिंत हवी, शक्यतो त्याच्या भाच्याने बांधलेली. 'पूरमुक्त महाड' मात्र चौघांच्या पत्रकावर एकाच अक्षरात छापलेलं, कारण छापखाना एकच. पाऊस असा का झाला, हा प्रश्न चौघांनाही पडत नाही. पडलेला पाऊस बाहेर कसा काढायचा, एवढाच पडतो. याला दोष देताना माझी जीभ जरा अडखळते. महाडकरांनी उद्यापासून स्कूटर बंद केल्या म्हणून अरबी समुद्र थंड होणार नाही, हे भाऊचं गणित बरोबर आहे. पण एमआयडीसीच्या धुराचा आणि वासाचा विषय काढला की त्याचा फोन येतो. वाजत नाही, नुसता कानाला लागतो. प्रभागातली निम्मी पोरं तिथेच कामाला आहेत.

भाऊचा पर्यावरणाला प्रत्यक्ष हातभार म्हणजे फ्लेक्स. 'हरित महाड, सुंदर महाड' या मजकुराचा वीस फुटी प्लास्टिकचा फ्लेक्स दस्तुरी नाक्यावर लागतो, त्यावर झाडं कमी आणि भाऊंचे भाऊ जास्त. मी हसलो तर तो म्हणाला, "हसू नका. एक तरी वाया जातो का बघा." हे खरं आहे. मतदान झालं की फ्लेक्स खेड्यांत पोचतात आणि पावसाळ्यात लाकडांवर, पेंढ्यावर, शेळ्यांच्या गोठ्यावर पसरले जातात. हात जोडलेला भाऊ चार महिने एका बोकडाचं रक्षण करतो.

त्याचा आतेभाऊ पोलादपूरचा. तिथल्या भाऊंची जात थोडी वेगळी, कारण तिथे पावसाळ्यात डोंगर खाली येईल म्हणून जागायचं आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर पाण्याचा टँकर येईल म्हणून जागायचं. मतदार निम्मे मुंबईत, त्यामुळे आतेभाऊचा अर्धा प्रचार लालबाग-परळच्या खोल्यांमधून चालतो. शासनाने २०२० मध्ये 'माझी वसुंधरा' अभियान काढलं. पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच तत्त्वांवर गावांना गुण. आतेभाऊने यादी वाचली आणि 'अग्नी' पाहून म्हणाला, "यात आमचा तालुका पहिला येणार." कोणीतरी त्याला समजावलं की अग्नी म्हणजे ऊर्जा, सौर दिवे वगैरे, दर फाल्गुनात आमचे डोंगर जाळणारे वणवे नव्हेत. तो हिरमुसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण वणवा लावणारा माझाच मतदार आहे, हो. त्याला कसं सांगू, गवत जाळून गवत चांगलं येत नाही म्हणून?" २०२५ च्या संपूर्ण पालिका निवडणुकीत हवामानावर ऐकलेलं हे मला सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटलं.

या वेळी सोडतीत आमच्या भाऊंचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि वहिनी उभ्या राहिल्या. भाऊ म्हणायचा, "आम्ही उभे आहोत." भाषण भाऊ करायचा, वहिनी हात जोडायच्या. एका संध्याकाळी बचत गटाच्या बायका जमल्या होत्या आणि भाऊचा घसा बसला. नाइलाजाने माईक वहिनींकडे गेला. हवामान बदल हा शब्दही त्यांनी उच्चारला नाही. म्हणाल्या, "औंदा पंचवीस मेलाच पाऊस आला. कुणाचे पापड वाळले? कुणाची आमसुलं झाली? लाकडं आत घेतली होती का कुणी?" बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "माझ्या भावाची धूळपेरणी राहिली. आता पुढच्या वर्षीपण मेमध्ये येणार का, हे कोण सांगणार? ते सांगणारं माणूस पालिकेत पाहिजे." भाऊ घसा धरून बघत राहिला. डायरी काढली, बंद केली. त्यात गटार बसत नव्हतं.

आणि तरीही. २०२१ च्या पुराच्या त्या रात्री बाजारपेठेत पाणी चढत असताना हाच भाऊ छातीभर पाण्यातून सुकट गल्लीतल्या एका आजींना पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेला होता. आजी विरोधी पक्षाच्या. अंधारात त्यांनी विचारलं, "कोण रे तू?" यानेही नाव सांगितलं, प्रभागही सांगितला. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवसापासून भाऊ तिकडे होता. त्याचा एकही फोटो नाही, आणि या विषयावर तो कधीच भाषण करत नाही. विचारलं तर 'विषय माझ्या डोक्यात आहे' असंही म्हणत नाही.

२ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा तो न्यायालयाच्या आदेशाने २१ तारखेवर गेला. त्या दिवसांत भाऊला पाहणं म्हणजे शिक्षाच होती. मतदान यंत्रांच्या खोलीबाहेर पाळीपाळीने पहारा, रोज नवा आकडा, रोज नवा फुटलेला मतदार. चहावाल्याला दोन्ही बाजूंनी सारखंच गिऱ्हाईक मिळालं. थंडी का पडत नाही, यावर विरोधी भाऊंशीही एकमत झालं. वहिनी निवडून आल्या का, ते मी सांगत नाही. सांगितलं तर प्रभाग कोणता ते तुम्हाला लगेच कळेल.

असा एक भाऊ तुमच्या दारीही येईल. त्याला बसवा, चहा द्या, गटाराचं सगळं ऐकून घ्या. मग पूररेषेचं विचारा: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, आणि त्यांच्या आत नव्या इमारती कशा उभ्या राहतात. तो कप खाली ठेवून फोन कानाला लावेल. उठू देऊ नका. वहिनी बाहेर गाडीत बसल्या असतील, त्यांना आत बोलवा.