आमच्या रानात खडा सापडायचा नाही

उसाच्या पाचटाची कुट्टी करायला आलेला ट्रॅक्टरवाला “रानात दगड-बिगड नाही ना?” असं विचारतो, तेव्हा अख्ख्या नगर जिल्ह्यात त्याला एकच उत्तर मिळतं : “नाही ओ, आपल्या रानात खडा सापडायचा नाही.” (जिल्हा आता अहिल्यानगर. नाव बदललं, दगड होते तिथेच आहेत.) हे उत्तर ठासून देणाऱ्यांत मी पहिल्या रांगेतला. प्रश्न रानाचा असतो, उत्तर मात्र आम्ही खानदानाचं देतो. रानात दगड आहे म्हणणं म्हणजे आजा आळशी होता, बाप बेफिकीर होता आणि आपल्याला वाकता येत नाही, अशी तिन्ही पिढ्यांची लेखी कबुली देणं. त्यातलं वाकण्याचं कलम मला विशेष झोंबतं. बांधावर उभं राहून हातवारे करत शेती करण्यात मी बऱ्यापैकी प्रवीण आहे आणि त्या पद्धतीत वाकणं बसत नाही. तरीही माझं म्हणणं असं की पाचटाखाली दडून बसलेला आणि मशीनचे हातोडे मोडणारा दगड नशिबाने तिथे येत नाही. बहुतेक वेळा आम्हीच त्याला आणून ठेवतो, आणि पाचटाने झाकला नसता तर ऐटीने झाकला असता.

पुरावा मशीनच्या पोटातच सापडतो. तिथून जे काही बाहेर निघतं त्यात आभाळातून पडलेलं काहीच नसतं. “पुढच्या वर्षी कामाला येईल” म्हणून सरीतच राहिलेलं ठिबकच्या नळीचं भेंडोळं, शेळीसाठी ठोकलेली आणि शेळी विकल्यावर विसरलेली लोखंडी खुंटी, व्हॉल्व्हभोवती रचलेल्या विटा, रानडुकरांसाठी ताणलेली तार. तार सगळ्यांत वाईट. दगड निदान आवाज करून मोकळा होतो. तार गपचूप रोटरला गुंडाळत बेअरिंगपर्यंत जाते, आणि मग एक माणूस मशीनखाली आडवा होऊन पक्कड-छिन्नीने ती सोडवत बसतो. दगडांचं मूळ मात्र बांधात आहे. नांगरटीत निघालेले गोटे बांधावर टाकायची जुनी रीत, त्यामुळे बांध म्हणजे मुळात दगडांचं कोठार. त्याला फाळ दरवर्षी वीतभर कोरतो. आपण कोरतो असं कुणी म्हणत नाही, “बांध जरा सरळ करून घेतला” म्हणतात. शेजारीही पलीकडून सरळच करत असतो. दोघांच्या या सरळपणात ऐसपैस बांध दीड फुटावर येतो आणि त्याच्या पोटातले दगड दोघांच्या रानांत सारखे वाटले जातात. तहसील कचेरीत इतकं बिनतक्रार वाटप कधी झाल्याचं ऐकिवात नाही. हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी १९६६च्या जमीन महसूल अधिनियमाने खातेदारावर टाकली आहे. खातेदार ती इतक्या मनावर घेतो की मोजणीचा दगड पुढे कुणाच्याही नजरेला पडत नाही, थेट मशीनलाच सापडतो.

यावर कुणी म्हणेल, काळ्या रानाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. हा आक्षेप खरा आहे आणि मला तो आवडतोही, कारण त्यात आमची सुटका आहे. नेवासा-कोपरगावकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यात खालचे गोटे हळूहळू वर सरकतात. पारनेर-संगमनेरच्या माळाला तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही, मुरूम वरच असतो. तेव्हा आज्याने वेचलेल्या रानात नातवाला पुन्हा दगड लागला तर आज्याचा दोष नाही. पण मग “आमच्या रानात खडा नाही” हे वाक्य फार तर एका हंगामापुरतं खरं ठरतं, आणि आम्ही ते तीन पिढ्या चालवतो. दुसरा आक्षेप काडेपेटीवाल्यांचा : पाचट पेटवून द्या, रान उघडं पडेल, दगड आपोआप दिसतील. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघतं. खोडव्यात ते ठेवा, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारे जिवाणू टाका, असं कृषी विद्यापीठवाले सांगून थकले. एवढं सोनं जाळून काय दिसणार, तर दगड. आणि दिसले तरी वेचायला वाकणार कोण, हा प्रश्न राखेतही जसाच्या तसा शिल्लक राहतो.

दडलेल्या वस्तूवर फिरतं हत्यार आपटायचं काम मुद्दाम ठरवून केलेलं यंत्रही या जगात होऊन गेलं आहे, आणि त्याचा विषय निघाला की मला आवरणं कठीण. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी रणगाड्यापुढे एक आडवा रूळ बसवला आणि त्याला साखळ्या लावल्या. रूळ फिरला की साखळ्या जमीन झोडपत जायच्या आणि पुरलेले सुरुंग फुटायचे. १९४२च्या ऑक्टोबरात अल अलामीनच्या वाळवंटात माटिल्डा रणगाड्यावर हा प्रयोग झाला, त्या अवताराचं नाव स्कॉर्पियन. पुढे ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर शर्मन क्रॅब उतरले, त्रेचाळीस साखळ्यांचे. ते ज्या डिव्हिजनचे, तिचे सेनापती पर्सी होबार्ट जन्माने नैनितालचे, म्हणजे ओढूनताणून आपलेच. झोडपणी चालू असताना क्रॅब तासाला जेमतेम दोन किलोमीटर सरकायचा, चालक पोलादात बंद असायचा आणि साखळ्या तुटणार हे आधीच हिशेबात धरलेलं असायचं. आता आमच्याकडे बघा. तोच आडवा रूळ, त्याला साखळ्यांऐवजी लोंबते हातोडे, चालक सदऱ्यात, डोक्याला टॉवेल, वेग दुपटीच्या वर, आणि सुरुंग नसल्याची मालकाची तोंडी हमी. नगरला चिलखती दलाचं केंद्र आहे, लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे, १९९४पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. एवढा शेजार लाभूनही, आपटण्याआधी बघून घ्यावं ही बाब बायपास ओलांडून वावरात आली नाही. त्या संग्रहालयाच्या दारात एक कुट्टी मशीन मांडावं असं माझं मत आहे. मत कुणी मागितलेलं नाही, पण माझी बहुतेक मतं तशीच असतात.

मशीन मोडल्याचं मला फारसं दुःख नाही. हातोडे बाजारात मिळतात. चीड येते ती उडालेल्या दगडाची. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मशीन फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेरे घेतो, गिअरबॉक्स आणि पट्टे ते वाढवत रोटरला दोन हजारांच्या घरात नेतात, आणि हातोड्याचं टोक ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास फिरू लागतं. श्रीरामपूरचा झहीर खान भरात असताना १४०च्या घरात टाकायचा, तेही समोरच्याला हेल्मेट आणि पॅड घालू देऊन, आणि टप्पा कुठे पडणार हे त्याला ठाऊक असायचं. मशीनला टप्पा ठाऊक नसतो. असल्या मशीनच्या पुस्तिका शंभर मीटरच्या आत माणूस नको म्हणतात. आमच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत शंभर मीटर म्हणजे दोन शेजारी सोडून तिसऱ्याचा गोठा. मध्ये रस्ता असतो, वाडं गोळा करणाऱ्या बाया असतात, हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. मशीनचा आवाज आला की कोप्यांतली पोरं धावत येऊन रांगेने उभी राहतात. घरातले सगळे फडात, मग त्यांना मागे खेचणार कोण? बगळेही येतात, पण त्यांना निदान उडता येतं. “खडा नाही” म्हणणारा मालक तेवढ्या वेळात लिंबाखाली सावलीला गेलेला असतो. याच जिल्ह्यात के. के. रेंजचं लष्करी सराव क्षेत्र आहे. तिथल्या गवतात न फुटलेले गोळे पडून राहतात, आणि भंगार वेचायला गेलेल्या गरिबांचे जीव त्यांनी घेतले आहेत. त्या भागातला माणूस “गवतात काही नाही” असं छातीठोक म्हणत नसावा. आम्ही म्हणतो, कारण आमच्या फुशारकीची भरपाई दुसऱ्याच्या नडगीतून होते.

“शिअर बोल्ट असतो ना!” हा शेवटचा आणि सगळ्यांत आवडता आक्षेप. असतो. तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो, नडगी वाचवणं त्याच्या कामात धरलेलं नाही. शिवाय वरचेवर तुटणाऱ्या बोल्टच्या जागी चांगला जाडजूड, कडक बोल्ट ठोकण्याची कला आमच्याकडे घरोघरी आहे. बरं, आधी रानात फिरून बघावं म्हटलं तर गुडघाभर पाचटात दिसणार काय, हेही खरंच. म्हणून बघायचं ते आधी, बांधणीच्या वेळी, ऊस लहान असताना. जो दगड उचलता येईल तो उचलावा, जो येत नाही त्याच्याशी आणि प्रत्येक व्हॉल्व्हशी उंच काठी रोवून लाल चिंधी बांधावी. खर्च शून्य. अडचण एकच : चिंधी रस्त्यावरून दिसते. रानात बुजगावणं उभं केलं तर हुशारी, चिंधी फडकली तर गावभर वाचली जाणारी कबुली. यावर उपदेशाचा उपयोग नाही, पैशाचाच होईल. कुट्टीवाल्यांनी सरळ जाहीर करावं, की दाखवलेल्या दगडामागे पन्नास रुपये सूट. मग ज्या रानात औषधाला खडा नव्हता तिथे एका रात्रीत इतके दगड निघतील, की दुसऱ्या दिवशी तलाठी गौण खनिजाची रॉयल्टी मागत बांधावर हजर होईल. आणि तेव्हा आम्ही त्याला, मी पहिल्या रांगेतून, ठासून सांगू की भाऊसाहेब, आपल्या रानात खडा सापडायचा नाही.