बॅक्टेरिया पाळणारे नाना

टाकी आणून महिना झाला, तिच्यात मासा एकही नाही, आणि तरीही मालक ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतोय, असा एक गृहस्थ हल्ली दर सोसायटीत सापडतो. आमच्या ठाण्याच्या सोसायटीतला नमुना म्हणजे नाना. पाहुणे वाकून वाकून बघतात, झुडपामागे काही दडलंय का ते न्याहाळतात आणि शेवटी धीर करून विचारतात, "नाना, यात आहे काय?"

"बॅक्टेरिया," नाना म्हणतात. "भरपूर."

पाहुणे चहाचा कप टाकीपासून जरा लांब धरतात.

नाना सरकारी लेखापरीक्षण करून निवृत्त झालेले. समोरच्याने आकडा सांगितला म्हणजे तो फुगवलेला असणार, या गृहीतावर त्यांची उभी नोकरी गेली. दुकानदार "साठ लिटरची टाकी" म्हणाला तशी नानांनी खिशातून टेप काढली. लांबी 24 इंच, रुंदी 12, उंची 12. म्हणजे काठोकाठ भरली तर 56 लिटर. त्यातून तळची रेती वजा, वरची चार बोटं मोकळी जागा वजा. हाती उरले 45. "किती मासे ठेवायचे ते या 45 वर ठरवायचं," नाना म्हणाले. दुकानदाराने मान डोलावली. त्याला अजून नाना माहीत नव्हते.

मग पाणी, रेती आणि काच यांचं वजन मांडलं. ते साठ किलोच्या वर निघालं, तेव्हा टीव्हीच्या नाजूक शोकेसवरून टाकी भिंतीलगतच्या कडाप्प्याच्या ओट्यावर आली. खाली थर्माकोलचा तक्ता, म्हणजे काचेला उंचसखल टोचायला नको. एअर पंप टाकीपेक्षा उंच खिळ्यावर टांगला, कारण तो खाली राहिला आणि लाइट गेली तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. लोडशेडिंग सोसलेल्या माणसालाच हे सुचावं. दुकानदाराने हीटरही गळ्यात मारायला काढला होता. "ठाण्यात?" एवढंच नाना म्हणाले.

इथवर कुणीही शहाणा माणूस येतो. नाना पुढे गेले ते बॅक्टेरियामुळे. विषय निघायचा अवकाश, ते समजावून सांगतात. मासा खातो, घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला मारतो. एका जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, पण तेही विषच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात. ते थोडं असलं तर बाधत नाही, आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. "फाइल दोन टेबलांवरून जाते," नाना सांगतात, "आणि नव्या टाकीत दोन्ही टेबलं रिकामी असतात. तिथे माणसं बसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोक पहिल्याच दिवशी फायली पाठवतात आणि मग म्हणतात, मासे मेले, दुकानदार चोर."

त्या टेबलांवरच्या मंडळींना खायला अमोनिया हवा, म्हणून नाना रोज सकाळी रिकाम्या टाकीत माशांच्या खाण्याची चिमूट टाकत. "घरातल्या जित्या माणसांनी चहा दोनदा मागायचा," काकू म्हणत, "आणि जे मासे आणलेलेच नाहीत त्यांना न्याहारी वेळेवर." चिमूट कुजली की नाना काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकत आणि खिडकीशी धरून रंग बघत. हिरवा आला तर अमोनिया आहे, पिवळा राहिला तर नाही. तारीखवार नोंद वहीत. वहीला समास.

पाचव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. नानांनी पेढे आणले. आणि त्याच दुपारी घरकामाच्या मावशींनी टाकीतला काळपट, बुळबुळीत स्पंज बघितला, त्यांच्याच्याने राहवेना, आणि तो भांड्याच्या पावडरीने घासून नळाखाली लख्ख धुऊन पुन्हा जागच्या जागी लावून ठेवला.

बॅक्टेरिया राहतात त्या स्पंजवर. तो धुवायचा तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्या जिवावर उठतं, पावडरीचं तर बोलायलाच नको. नाना तीन दिवस सुतकात होते. मावशींना मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त वहीत लाल शाईने नोंद केली आणि सगळं पाणी बदलून, क्लोरीन मारणारं औषध मोजून घालून पहिल्यापासून आरंभ केला.

यथावकाश मासे आले: सहा झेब्रा डॅनिओ. चिवट, कळपात राहणारे, आपल्याच देशातल्या नद्यांचे. टाकी जरा मुरल्यावर निऑन टेट्रा, आठ. मग चार गप्पी, सगळे नर. यावरून पोरांनी कुरकुर केली. नानांनी समजावलं, की मादी महिन्याकाठी पिल्लांची खेप देते, आणि नरापासून वेगळी केली तरी पुढच्या काही खेपा साठवणीतून निघतातच. शिवाय मलेरियावाले हे मासे डासांच्या अळ्या खायला फुकट सोडतात. ते पैसे देऊन घ्यायचे तर निदान जनगणना तरी करायला लागू नये.

एव्हाना नानांचा लौकिक झाला होता. दुसऱ्या मजल्यावरच्यांना वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश हवा होता, तोही ईशान्य कोपऱ्यातल्या काचेच्या भांड्यात. "तिथे सकाळचं ऊन येतं," नाना म्हणाले, "भरभराट होईल, पण शेवाळाची." आणि गोल्डफिश टीचभर वाढतो, घाण तर त्याहून वाढवतो. एकाने काच साफ ठेवायला सकर घ्यायचं काढलं. नाना हातभर अंतर दाखवून म्हणाले, "तो एवढा होतो. मग त्याची काच कोण साफ करणार?" एंजल मोठा झाला की निऑन गिळतो, टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो, फायटरचे दोन नर एकत्र ठेवले तर एकच उरतो. नानांनी सुचवलेली यादी दर वेळी इतकी आखूड व्हायची, की लोक लव्हबर्ड्‌स घेऊन मोकळे होत.

मे महिन्यात टाकीचं पाणी 32 अंशांवर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासे वर येऊन तोंडं मारू लागले. नानांनी दिवाणखान्यातला टेबलफॅन उचलला आणि पाण्यावर रोखला. वाफ होऊन पाणी दोनेक अंशांनी उतरलं. काकू पदराने वारा घेत टाकीसमोर बसल्या होत्या. "पुढल्या जन्मी निऑन," एवढंच त्या म्हणाल्या.

दुकानदाराने आता नानांना आत, खोक्यांमागच्या स्टुलावर बसवायला सुरुवात केली आहे. चहा देतो, बिस्किटं देतो. गिऱ्हाईक असेपर्यंत बाहेर येऊ नका म्हणतो. परवा तरीही नाना निसटले. एक गृहस्थ फुगलेल्या पिशवीत दोन गोल्डफिश घेऊन पायरी उतरत होते. नानांनी त्यांना अडवून हलक्या आवाजात विचारलं, "नायट्राइट किती आहे?"

गृहस्थ चपापले. "अजून बघितलं नाही हो," ते म्हणाले. "आत्ताच चहा घेऊन निघालोय. उपाशीपोटी द्यायचं असतं ना?"