अज्ञात इसमास खुले पत्र

श्री. अज्ञात इसम यांस,
वय माहीत नाही, धंदा माहीत नाही, राहणार कुठले तेही माहीत नाही.



‘श्री.’ अंदाजाने लावलंय. तुम्ही श्रीमती असाल किंवा दोघंतिघं असाल, तर मायना आपापसांत वाटून घ्या. कोर्टालाच जे ठरवता आलं नाही ते मी कुठून ठरवणार?

मी चाकणच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. नोएडातल्या खुनाशी चाकणच्या माणसाचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तिथे मारल्या गेलेल्या आरुषी तलवारची आई माहेरची चिटणीस, वायुदलातल्या मराठी अधिकाऱ्याची मुलगी. एवढ्या धाग्यावर 2008 च्या मे महिन्यात आमच्या चिंचवडच्या बिल्डिंगीत ही बातमी घरची असल्यासारखी चघळली गेली. कुणाला काहीही ठाऊक नव्हतं आणि प्रत्येकाचं मत मात्र पक्कं होतं. त्यामुळे तुमच्या यशात आमचाही खारीचा वाटा आहे. तो नम्रपणे नोंदवतो आणि अभिनंदनाकडे वळतो.

अभिनंदन अशासाठी, की तुम्ही फार हुशार असण्याची गरजच पडली नाही. 15 मेच्या रात्री जलवायू विहारमधल्या त्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोन जीव घेतलेत, एवढंच तुमचं काम. पुढचं सगळं आम्ही सांभाळलं. सकाळी घरात नातेवाईक, शेजारी, पत्रकार असे सगळे फिरले. गच्चीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर आणि दाराच्या कडीवर रक्ताचे डाग होते, पण दाराला कुलूप होतं. कुलूप असलं की आमचे पोलीस फार सभ्य होतात. मुलीची रक्ताळलेली गादी वर न्यायला निघालेल्यांनाही ते कुलूप आडवं आलं, म्हणून त्यांनी ती शेजारच्या गच्चीवर टाकली. तोवर घरातला नोकर हेमराज हाच मारेकरी, असं जाहीर करून त्याच्यावर बक्षीस लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी कुलूप तोडलं तेव्हा फरार आरोपी तिथेच सापडला, कूलरच्या पॅनेलखाली, मरून पडलेला. तुम्ही तेव्हा कुठे होतात कोण जाणे, पण पोटभर हसला असाल.

आमच्याकडे एखादा बोल्ट मापात बसला नाही, तर अख्खा लॉट होल्डला जातो. लाल बिनमध्ये टाकून त्यावर टॅग लावतात: कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, कुणी तपासला. गिऱ्हाइकाकडून तक्रार आली तर एट-डी रिपोर्ट, म्हणजे चुकीचं मूळ कारण सांगणारा अहवाल, भरावा लागतो आणि ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ एवढंच लिहिलं तर तो तोंडावर परत येतो. दीड रुपयाच्या बोल्टची ही गोष्ट सांगतोय. इथे एका जांभळ्या उशीच्या अभ्र्यावर हेमराजचं रक्त असल्याचा अहवाल हैदराबादच्या प्रयोगशाळेने दिला आणि 2011 मध्ये त्याच प्रयोगशाळेने कळवलं, की ती टायपिंगची चूक होती, दोन नमुन्यांची वर्णनं एकमेकांच्या जागी पडली. खुनाच्या खटल्यात टॅगची अदलाबदल! आमचा मॅनेजर असता तर तेवढ्यावर त्याने अख्खी लाइन बंद केली असती. कोर्टाची लाइन चालू राहिली.

आणि ती मुलगी. तिचा चौदावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. वाढदिवसाचा कॅमेरा त्याच दिवशी कुरिअरने आला, तो हेमराजनेच घेतला, आणि आईबापांना धीर न निघून त्यांनी तो त्याच रात्री तिला दिला. तिने स्वतःचे आणि आईबाबांचे भराभर फोटो काढले. शेवटचा रात्री दहा वाजून दहा मिनिटांचा आहे. ते फोटो तुमच्या कामाचे नसतील, पण आमच्या तपासाच्याही फारसे कामाचे ठरले नाहीत. आमचं लक्ष दुसरीकडे होतं. आठवड्याभरात पोलीस महानिरीक्षकांनी पत्रकार परिषद भरवली, तिच्या चारित्र्याविषयी नाही नाही ते सांगितलं, बापाला आरोपी ठरवलं आणि हे सगळं सांगताना तिचा उल्लेख ‘श्रुती’ असा केला. नावही पाठ नसलेल्या मुलीचं चारित्र्य मात्र मुखोद्गत होतं. पुढे महिनोन्महिने चॅनेलांनी तेच दळण दळलं आणि आम्ही जेवताना ते पाहिलं.

हेमराजच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. नेपाळहून पोट भरायला आलेला पंचेचाळिशीचा माणूस. आधी खुनी, मग प्रेत, मग बदनामीतलं एक पात्र. खटला ‘आरुषी प्रकरण’ म्हणूनच ओळखला जातो. दोन खुनांपैकी एक हिशेबातूनच गळाला, म्हणजे तुमचा भार निम्म्याने हलका झाला.

सीबीआय आली तेव्हा तुम्हाला थोडी धाकधूक झाली असेल. उगाच. पहिल्या पथकाने तीन नोकर पोरांना धरलं, नार्को चाचण्या केल्या, हत्यार खुकरी म्हणून सांगितलं, आणि नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल न झाल्याने ती पोरं सुटली. दुसऱ्या पथकाने खुकरी ठेवून दिली आणि गोल्फची काठी काढली. डिसेंबर 2010 मध्ये त्यांनीच पुरावा पुरेसा नाही म्हणून फाइल बंद करायला घेतली, तर दंडाधिकाऱ्यांनी तोच अहवाल आरोपपत्र समजून आईबापांवर खटला उभा केला. नोव्हेंबर 2013 मध्ये त्यांना जन्मठेप झाली, ऑक्टोबर 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि खालच्या न्यायाधीशांनी गणिताच्या मास्तरासारखं कोडं सोडवल्याचा शेरा मारला. तोवर आईबाप डासना तुरुंगातच होते. 2018 मध्ये सीबीआयने सुप्रीम कोर्टात अपील केलं. या सगळ्यात तुमचं नाव एकदाही आलं नाही. किंवा आलं असेल आणि आम्हाला ओळखता आलं नसेल. तुमच्या लेखी दोन्ही एकच.

आमच्या चाकणच्या परिसरातही तुम्हाला सोबती मिळतील, म्हणून तुम्हाला परकं वाटायला नको. तळेगाव दाभाड्याला 13 जानेवारी 2010 च्या सकाळी फिरायला बाहेर पडलेल्या सतीश शेट्टींना भररस्त्यात मारलं. माहिती अधिकार वापरून जमिनींचे घोटाळे बाहेर काढणारा माणूस तो. सीबीआयने ती फाइल बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. 2018 पासून तळेगाव आणि चाकण धरून पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालंय. तुमचे सोबती त्याच्या हद्दीत असतील किंवा नसतील, त्यांना विचारायला कुणी जात नाही.

एक बातमी मात्र तुमच्या कानावर घालतो. कॅलिफोर्नियात 1970-80 च्या दशकांत खून-बलात्कार करून निवांत म्हातारा झालेला एक माजी पोलीस एप्रिल 2018 मध्ये पकडला गेला, वयाच्या 72 व्या वर्षी. त्याच्या कुठल्याशा दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून माग काढत तिथले पोलीस त्याच्या दारात पोचले. पण घाबरू नका. त्यांनी इतकी वर्षं नमुना डबीत नीट जपून ठेवला होता, त्यावर बरोबर नाव लिहिलं होतं आणि डबी कुठे ठेवली तेही त्यांना आठवत होतं. असल्या खुळचट सवयी आमच्या तपासाला नाहीत.

कायद्यात खुनाला मुदत नसते, एवढीच एक तांत्रिक अडचण तुमच्या बाजूला उरते. तेवढी सोसून घ्याल.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

आपला नव्हे,
चाकणचा एक क्वालिटी इन्स्पेक्टर