मालक नवा, वायर तीच

केबल ब्रॉडबँड कंपनी विकली गेली की दोन प्रक्रिया सुरू होतात. पहिली कंपनीत घडते: समभाग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, संचालक बदलतात, लेटरहेड नवे छापले जाते. दुसरी ग्राहकाच्या घरात घडते: तो चिडतो, शंका काढतो, शेजाऱ्याला सावध करतो, कनेक्शन तोडण्याची घोषणा करतो आणि मुदत संपली की रिचार्ज मारतो. पहिल्या प्रक्रियेवर वकील, लेखापाल आणि नियामक लक्ष ठेवून असतात. दुसरीवर कुणाचेच लक्ष नसते, म्हणून तिचे थोडे सविस्तर वर्णन आवश्यक ठरते.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण १७ ऑक्टोबर २०१८ चे आहे. त्या दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने हॅथवे केबलमधील ५१.३ टक्के हिस्सा २,९४० कोटी रुपयांना आणि डेन नेटवर्क्समधील ६६ टक्के हिस्सा २,२९० कोटी रुपयांना घेत असल्याचे जाहीर केले. हॅथवे तोवर रहेजा समूहाकडे होती आणि टीव्हीच्याच वायरीतून इंटरनेट देणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या कंपन्यांत तिची गणना होत असे. दोन्ही कंपन्यांशी जोडलेले सुमारे २७,००० स्थानिक केबलचालक आहेत, हेही त्या वेळी सांगण्यात आले. या केबलचालकांकडे पुढे यावेच लागेल, कारण ग्राहकाच्या लेखी कंपनी म्हणजे तेच.

अशा व्यवहारात कायदा सर्वांची काळजी घेतो. सेबीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या खरेदीदाराला इतर भागधारकांपुढे किमान २६ टक्क्यांचा खुला प्रस्ताव ठेवावा लागतो. नवा मालक पसंत नसेल, तर शेअर द्या, पैसे घ्या आणि मोकळे व्हा, असा त्याचा अर्थ. दहा शेअर बाळगणाऱ्यालाही ही सोय आहे. दहा वर्षे बिल भरणाऱ्याला एसएमएस येतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘प्रिय ग्राहक, आम्ही आता एका मोठ्या परिवाराचा भाग झालो आहोत. आपल्या सेवेत कोणताही बदल होणार नाही.’ यातले दुसरे वाक्य धीर देण्यासाठी घातलेले असते. ग्राहक सर्वांत जास्त घाबरतो तो त्यालाच.

व्यवहाराला भारतीय स्पर्धा आयोगाची मंजुरीही लागते. ती वरील प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये मिळाली. बाजारात पुरेशी स्पर्धा उरते का, हे आयोग तपासतो. ग्राहकाचा बाजार मात्र त्याच्या जिन्यापुरता असतो. शहरात आठ कंपन्या असल्या आणि इमारतीच्या डक्टमध्ये एकाचीच वायर असली, तर त्याच्या दृष्टीने कंपनी एकच.

प्रतिक्रियांवरून ग्राहकांचे चार प्रमुख वर्ग पडतात.

पहिला वर्ग भविष्यवेत्त्यांचा. ‘आता बघा, भाव वाढवतात की नाही’ हे त्यांचे विधान बातमी येताच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उमटते. भाव वाढले तर ते खरे ठरते. भाव उतरले तर ‘आधी सवय लावतात, मग कापतात’ असे म्हणून ते आणखी खरे ठरवले जाते. भाव आहे तेवढेच राहिले, तर या वर्गाची सर्वांत मोठी गैरसोय होते. अशा वेळी तो विषय बदलून पाण्याच्या टँकरवर घसरतो.

दुसरा वर्ग इतिहासकारांचा. जुन्या मालकाच्या नावाने यांनी कालपर्यंत बोटे मोडलेली असतात. मालक बदलताच जुना काळ सुवर्णकाळ होतो. त्या वेळी फोन माणूस उचलत असे, तोही दुसऱ्या रिंगला, आणि दिवाळीला केबलवाला मिठाईचा पुडा देऊन जात असे, अशा आठवणी निघतात. तो फोन कोणत्या कारणासाठी केला होता, हे मात्र कुणाला आठवत नाही.

तिसरा वर्ग आशावाद्यांचा. मोठे भांडवल आले म्हणजे वेग वाढणार, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. ते दर तासाला स्पीड टेस्ट घेतात आणि स्क्रीनशॉट टाकतात. त्यांनी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेला असतो आणि सुई ४० वर अडकलेली असते. सरकारी मोजपट्टीने पाहिले तर त्यांनी सुखी असायला हवे. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड या संज्ञेला २५६ केबीपीएस पुरत होते, २०१३ मध्ये ५१२ झाले आणि २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात. म्हणजे ४० वर अडकलेला ग्राहक व्याख्येच्या वीसपट सुखात लोळत असतो आणि तरीही कुरकुरतो.

चौथा आणि सर्वांत मोठा वर्ग निघून जाणाऱ्यांचा. ‘मी तर आजच बंद करतोय’ असे जाहीर करून हे लोक सर्वांत जास्त काळ टिकतात.

या सर्वांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे तंत्र. केबल ब्रॉडबँडमध्ये एका नोडवरची घरे एकच क्षमता वाटून घेतात. दुपारी वायर मोकळी असते; रात्री नऊ वाजता सगळ्यांचे सामने, मालिका आणि मुलांचे गेम एकदम सुरू झाले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे येते. शिवाय ही वायर गच्चीवरून गच्चीवर, झाडाला वळसा घालून, कुणाच्या तरी खिडकीच्या गजाला टेकून आलेली असते. पावसाळ्यात जोडणीच्या ठिकाणी पाणी शिरते आणि स्प्लिटर गंजतो. भागभांडवल ज्या दिवशी हस्तांतरित होते, त्या दिवशी स्प्लिटर जागचा हलत नाही. त्याला जुना मालकही ठाऊक नसतो आणि नवाही.

ठाऊक असतो तो केबलवाला. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्चीवर डिश बसवून ज्याने वाडीला चॅनेल दिले, त्याचा धंदा पुढे मोठ्या कंपन्यांच्या छत्राखाली गेला. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीने मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि वायरीतून इंटरनेटही धावू लागले. प्रत्येक टप्प्यावर वरचे नाव बदलले, वर्गणी घ्यायला येणारा मुलगा तोच राहिला. म्हणून मालकबदलानंतरची पहिली खरी चौकशी कंपनीच्या ग्राहकसेवेकडे होत नाही, दारात उभ्या असलेल्या या मुलाकडे होते. ‘काय रे, विकली म्हणे तुमची कंपनी?’ ‘हो काका.’ ‘मग आता?’ ‘आता काय काका, राऊटर बंद करून चालू करा.’ लाल दिवा तरीही विझला नाही, तर तो मान वर करून गच्चीकडे बघतो आणि ‘पुढूनच बंद आहे’ असे निदान करतो. हे ‘पुढे’ नेमके कुठे आहे, हे कोणत्याही मालकाच्या काळात निश्चित झालेले नाही.

औपचारिक तक्रारीची व्यवस्थाही आहे आणि ती टप्प्याटप्प्याने रचलेली आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन करून डॉकेट क्रमांक घ्यायचा. तिथे समाधान झाले नाही, तर अपील प्राधिकरणाकडे जायचे. तेही कंपनीनेच नेमलेले असते. २०१२ च्या नियमांनुसार त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याही पलीकडे ट्राय आहे, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, ती कंपनीकडे पाठवते. तक्रार अशा रीतीने निघाली तिथेच परत येते. बहुतेक ग्राहक इतका प्रवास करत नाहीत. नेट सुरू झालेले नसतानाच ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया आमच्या सेवेला तारे द्या’ असा संदेश येतो आणि त्यांचा सारा राग एक तारा देण्यात खर्ची पडतो.

उरतो मार्ग निघून जाण्याचा. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. ब्रॉडबँडला अशी सोय नाही. नवी कंपनी घ्यायची तर नवी वायर हवी, नव्या वायरीसाठी भिंतीला भोक हवे, भोकासाठी कमिटीची परवानगी हवी, आणि सेक्रेटरी गेल्या सर्वसाधारण सभेतले पार्किंगवरचे बोलणे विसरलेले नसतात. परवानगी मिळालीच, तर जुन्या कंपनीकडे मोडेम परत करून अनामत मागायची असते. पावती १ बीएचकेतून २ बीएचकेत जाताना हरवलेली असते. वार्षिक प्लॅनचे सात महिने शिल्लक असतात. वायफायचा पासवर्ड टीव्हीत, दोन लॅपटॉपमध्ये, कॅमेऱ्यात आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या आत्याबाईंच्या मोबाइलमध्ये घातलेला असतो. एवढे सगळे नव्याने करण्यापेक्षा मालक सहन करणे स्वस्त पडते.

खरेदीदाराला हे पक्के माहीत असते. हजारो कोटी मोजले जातात ते गंजलेल्या स्प्लिटरसाठी नव्हे. ती किंमत असते चिडूनही जागेवरच राहणाऱ्या माणसाची. ग्राहकाचा संताप व्यवहारात अडथळा ठरेल, असे त्याला स्वतःला वाटते. प्रत्यक्षात तो संताप हिशेबात आधीच धरलेला असतो, आणि त्यामागची स्थितिप्रियताही. भांडणारा ग्राहक ही कंपनीच्या दृष्टीने चांगली खूण असते, कारण जो खरोखर जातो तो भांडत बसत नाही.

प्रतिक्रियांचा काळ वार्षिक नूतनीकरणाच्या दिवशी संपतो. त्या दिवशी बारा महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास एक महिना मोफत, अशी योजना जाहीर होते. भविष्यवेत्ता ती ‘जाळे’ म्हणून घेतो, इतिहासकार ‘पूर्वी दोन महिने देत’ म्हणून घेतो, आशावादी पाचशे एमबीपीएसची घेतो आणि निघून जाणारा ‘हे शेवटचे वर्ष’ म्हणून घेतो. चौघांचेही नाव मग टिकून राहिलेल्या ग्राहकांच्या आकड्यात धरले जाते, आणि कंपनी पुढच्या वेळी विकायला निघाली की हाच आकडा दाखवून भाव वाढवून मागितला जातो.