टेलवरचं तेल

आमची गाडी येते आहे हे गल्लीला दोन मिनिटं आधी कळायचं. खात रोडचं वळण घेतलं की टक-टक-टक-टक सुरू. त्या आवाजावर बायको चहाचं आधण ठेवायची, मुलगा मोबाइल उशीखाली सरकवून पुस्तक उघडायचा आणि समोरचे काका फाटकाशी येऊन उभे राहायचे. लाखनीच्या शाळेतही तीच सोय होती. मी विज्ञान शिकवतो, घर्षणही त्यातच येतं. पण माझ्या गाडीच्या घर्षणाचा मुलांना खरा फायदा व्हायचा तो मी वर्गाबाहेर असताना. आत शिरेपर्यंत सगळा वर्ग ऋषिमुनींसारखा बसलेला.

इतका उपयोगी आवाज बंद करावा असं मला कधी वाटलं नसतं. पण भंडाऱ्याहून लाखनीला जाताना वाटेत गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो. तिथे ट्रकांचे गिअरबॉक्स बनतात. सकाळी रस्त्यालगत पाळीवर जाणारी मंडळी असतात. माझी गाडी पुढून गेली की पाच-सहा माना एकदम वळायच्या. त्या चेहऱ्यांवरचा भाव मी फक्त सरकारी दवाखान्यात, शेजारच्या खाटेकडे बघणाऱ्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिला होता. एकदा त्यांतला एकजण, शर्टाची गुंडी उघडी असल्याचं सांगावं अशा दबक्या सुरात म्हणाला, "गुरुजी, टॅपेट वाजते."

संध्याकाळी मी हे घरी बोललो. इथे चूक झाली. भंडारा जिल्ह्यात भाताच्या वाणावर मतभेद होतील, कोणत्या गावचा शंकरपट मोठा यावर भांडणं होतील, पण इंजिनात कोणतं तेल घालावं यावर मत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचं मत तर जास्तच ठाम असतं.

समोरचे काका जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तेव्हापासून दारूगोळ्याचा सगळा जोर ते बोलण्यात वापरतात. "20-50 टाका," ते म्हणाले, "मे महिन्यात इथं डांबर पाघळते, तिथं तुमचा 10-30 म्हंजे निव्वळ पानी."

"पण पुस्तिकेत 10-30च लिहिलंय, काका."

"पुस्तिकावाल्यायनं भंडाऱ्याचा मे पाह्यला का कधी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी वाचायला घेतलं. डब्यावर 10W-30 असतं त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. 10W तेलाची थंडीतली परीक्षा उणे 25 अंशांवर घेतात, 20W ची उणे 15 वर. आमच्याकडे पारा 10 अंशांवर आला की लोक माकडटोप्या चढवून शेकोटीभोवती बसतात आणि नोकरीवाले रजेचे अर्ज लिहायला घेतात. तेव्हा त्या डब्ल्यूशी आपलं काय देणंघेणं, असं काकांसारखंच मलाही वाटलं. दुसरा आकडा म्हणजे तापलेलं तेल, 100 अंशांवर, किती दाट राहतं त्याचं माप. काकांचा सगळा जीव त्या दुसऱ्या आकड्यात. पण टॅपेटवाल्या भागांना घात असतो तो सकाळच्या पहिल्या किकचा. रात्रभर तेल खाली उतरून बसलेलं असतं, आणि ते जितकं दाट तितकं वर चढायला आळशी. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मी बी सकारी लवकर उठत नाही. काही बिघडलं का?"

मग नागपूरहून साळेसाहेब आले. त्यांनी नवी कार घेतली आहे. सर्व्हिसिंगमधून उरलेली अर्ध्या लिटरची बाटली ते चिवड्याच्या पुड्यासोबत घेऊन आले. "भाऊजी, फुल सिंथेटिक! 0W-20!" तेल मधासारखं दिसत होतं. बाटली मी हातात घेतली, झाकणही उघडलं. पण त्या रात्री पुढचं वाचलं आणि झाकण लावून ठेवलं. कारचा क्लच कोरडा, तो तेलाबाहेर असतो. गिअरच्या मोटरसायकलीचं मात्र एकत्र कुटुंब: इंजिन, क्लच आणि गिअर सगळे एकाच तेलात नांदतात. कारच्या पातळ तेलात घसरणं वाढवणारी द्रव्यं घातलेली असतात; ती इंजिनाला मानवतात, पण क्लचच्या चकत्या एकमेकींना धरायच्या त्या घसरत राहतात. म्हणून जपान्यांनी दुचाकीच्या तेलासाठी जासो नावाचं वेगळं मानक काढलं. गिअरच्या गाडीला एमए, बिनगिअरच्या स्कूटरला एमबी. साळेसाहेबांनी हेच कारचं तेल स्वतःच्या जुन्या बाइकमध्ये आधीच ओतलं होतं. तेव्हापासून ती चढावर प्रचंड आवाज करते आणि जागची हलत नाही. मालकाच्या स्वभावाला इतकं धरून वागणारं वाहन मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढे पुढे मला वाचनाचं व्यसनच लागलं. एका रात्री झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट भेटलं. हे नाव वर्गात उच्चारलं असतं तर मुलं आवाज नसतानाही गप्प बसली असती. 1940 च्या दशकापासून ते इंजिनच्या तेलात आहे. उष्णता आणि दाब आला की लोखंडावर त्याचा एक थर बसतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. दोन धातू एकमेकांवर घासले की आधी झिजतो तो थर. पुन्हा तयार होतो, पुन्हा झिजतो, कुणी नाव घेत नाही. आमच्या घरांत हे काम थोरली सून करते. त्यातला फॉस्फरस कारच्या धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून 2004 च्या एसएम दर्जापासून कारच्या पातळ तेलांत त्याला 0.08 टक्क्यांची वेसण घातली. मी हे सगळं वहीत उतरवलं, रकाने आखले, तीन रंगांची पेनं वापरली. आईने वही पाहिली आणि म्हणाली, "कढईतलं तेल तिसऱ्या तळणीला मी टाकून देते. तू गाडीतलं कधी टाकलं होतं?"

मी विषय बदलला.

तीन आठवड्यांचा अभ्यास खिशात घालून मी बसस्टँडमागच्या मिस्त्रीकडे गेलो. तो काही न विचारता गाडीशी बसला, पेचकसचं टोक हेडवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टरसुद्धा इतका वेळ छातीचं ऐकत नाहीत. मी वही उघडली. "20-50 की 10-30? मिनरल की सिंथेटिक? झिंकचं प्रमाण..."

त्याने डोळे उघडले. "गुरुजी, कोनता टाकाचा ते मंग पाहू. आंधी आत हाये का, ते त पाहा."

त्याने तेलाची काडी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली. दोन रेघा होत्या, वरची आणि खालची. खालच्या रेघेच्याही खाली, अगदी टोकाला, काजळाच्या बोटाइतकी ओल. मग खालचा नट सोडला. लिटरभर असायला हवं तिथे कापलेल्या डबकीत पावशेराच्या जरा वर तेल पडलं. आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, त्यामुळे काळ्यालाही 'कारा' म्हणतात. हे तेल मात्र दोन्ही बोलींत बसणार नाही इतकं काळं होतं. बाजूला बसलेल्या एका शेतकऱ्याने ते लगेच मागून घेतलं. त्याच्या दाराच्या चौकटीला उदई लागली होती.

आता दोष कुणाचा? 1985 साली हीरो होंडाची सीडी 100 आली तेव्हा तिच्या जाहिरातीचं वाक्य गाजलं होतं: भरा, बंद करा, विसरून जा. ते होतं पेट्रोलबद्दल. आमच्या वडलांनी ते पूर्ण जीवनदृष्टी म्हणून स्वीकारलं आणि पुढे घरात आलेल्या प्रत्येक वाहनाला, कंपनी कोणतीही असो, लागू केलं. मी त्यांचाच मुलगा. गाडी हळूहळू तेल खात होती आणि मी तेलाबद्दल वाचत होतो.

मिस्त्रीने हेड उघडलं. कॅमशाफ्टवरचा उंचवटा खरं तर कोंबडीच्या अंड्याच्या निमुळत्या टोकासारखा असतो. माझा सातवीतल्या मुलाच्या खोडरबरासारखा झाला होता. त्यावर फिरणाऱ्या रॉकरला खड्डे पडलेले. मिस्त्रीने बोटाने दाखवलं: पंप खाली, तेल खाली, तिथून वर चढत चढत सगळ्यांत शेवटी ते इथे पोचतं. कमी पडलं की पहिली ओरड इथून.

"म्हंजे टेलचा शेतकरी," उदईवाला म्हणाला. तो पवनीकडचा. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली त्याच्याच तालुक्यात झाली. नहर म्हणजे कालवा आणि टेल म्हणजे त्याचं शेवटचं टोक, हे त्याला झिंक डायअल्किलवाल्याने सांगायची गरज नव्हती. "नहराच्या हेडवाल्यायचं भागते. टेलवाला बांधावर बसून रायते."

"पन इंजिनात हेडच टेलले हाये," मिस्त्री म्हणाला आणि दोघं बराच वेळ हसले. मीही हसलो, बिल तेव्हा यायचं होतं.

नवा कॅमशाफ्ट, नवे रॉकर. टॅपेटची फट त्याने गेजच्या पात्याने मोजून लावली, कागदाच्या जाडीइतकी. तेल पुस्तिकेतलंच घातलं, 10W-30, जासो एमए. वही त्याने मागून घेतली. मला अभिमान वाटला, पण त्याने मागची कोरी पानं बिलासाठी फाडून वही परत दिली. साळेसाहेबांची बाटली आता बायकोच्या शिलाई मशीनपाशी आहे आणि मशीन खरोखरच सुरेख चालतं.

गाडी मात्र इतकी गप्प झाली की घरी चहा वेळेवर मिळेना. मुलाच्या हातात मोबाइल रंगेहाथ सापडला. शाळेत मी वर्गाच्या दारात उभा राहिलो तेव्हा फळ्यावर माझंच चित्र निघत होतं, गाडीसकट, आणि गाडीच्या बाजूला चार वेळा 'टक' लिहिलेलं.

चौथ्या दिवशी कारधा पूल ओलांडला आणि आवाज आला. बारीक, पण तोच. टक. टक-टक. माझ्या पोटात गोळा आला. गाडी बाजूला घेतली, काडी पाहिली. तेल वरच्या रेघेला. डिकीतून पेचकस काढला, हेडवर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. काही कळलं नाही. एक मोटरसायकलवाला थांबला, माझ्याकडे क्षणभर बघून म्हणाला, "20-50 टाका," आणि गेला. शेवटी मिस्त्रीला फोन लावला, फोन हँडलजवळ धरून गाडी सुरू केली, थोडी पुढेमागे हलवली.

पलीकडे तो बराच वेळ ऐकत होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "डब्यात चमचा हाये का?"