चावी कोणाकडे?

लंडनमध्ये दर सप्टेंबरात एक उत्सव भरतो. एरवी ज्या इमारतींच्या फाटकापाशी वॉचमन तुम्हा-आम्हाला उभं करणार नाही, त्या इमारती काही दिवस सगळ्यांना आतून बघायला मिळतात, आणि तेही फुकट. व्हिक्टोरिया थॉर्नटन नावाच्या बाईंनी १९९२ साली हे 'ओपन हाऊस' सुरू केलं. सरकारी कचेऱ्या, बँका, काचेचे मनोरे, लोकांची राहती घरंसुद्धा त्यात येतात. पंतप्रधानांचं १० डाउनिंग स्ट्रीटही यादीत असतं, फक्त तिथं चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो. फ्रान्सनं तर १९८४ पासूनच हा उद्योग चालवलाय. तिथं राष्ट्राध्यक्षांचा महाल बघायला लोक वर्षानुवर्षं तासन्‌तास रांगेत उभे राहिलेत.

ही माहिती आम्ही बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटच्या चहाच्या टपरीवर सांगितली, तेव्हा कुणाच्याही कपातला चहा हिंदकळला नाही. "सरकारी इमारतीपुढं दिवसभर रांगेत उभं राहायचं, यात नवीन काय?" एकानं विचारलं. दुसऱ्याला 'फुकट' या शब्दाचं नवल वाटलं. आत जाऊन काहीच न देता बाहेर यायचं म्हणजे काम झालं नाही, असा त्याचा सरळ हिशेब होता.

मुंबईनं या विलायती कल्पनेला आपला देशी रंग दिला आहे. महापालिकेचं मुख्यालय वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलं. समोरचं रेल्वे स्टेशनही त्यांचंच. १८९३ साली पुरी झालेली महापालिकेची इमारत २०२१ पासून शनिवार-रविवारी सामान्य माणसाला दाखवतात, पण तिकीट काढून. म्हणजे जन्मभर घरपट्टी भरायची आणि ती जिथं जाते ती जागा बघायला पुन्हा पैसे मोजायचे. आमचा केज तालुका याबाबतीत पुढारलेला म्हणावा लागेल. आमच्याकडं इमारत बघायला कुणी पैसे मागत नाही. बाहेरून.

तेव्हा असा एक महोत्सव नांदूरघाट परिसरातही भरवावा, असा प्रस्ताव या सदरातून मांडत आहोत. खालची वर्णनं कुण्या एका गावाची नाहीत. वाचकाला ती आपल्याच गावाची वाटली, तर तो योगायोग वाचकाच्या गावानं घडवलेला आहे.

पहिला मान सामाजिक सभागृहाचा. याचा दर्शनी भाग म्हणजे कोनशिला. काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरं. वरून खाली उतरत जाणारी नावं, आणि पदागणिक बारीक होत जाणारा अक्षरांचा आकार. सगळ्यात खाली, मुंगीच्या चालीनं, 'समस्त ग्रामस्थ'. दगड इतका गुळगुळीत की त्यात तोंड बघून भांग पाडता येतो. त्याच्या दोन्ही अंगांच्या भिंतींना मात्र गिलावा नाही, कारण तेवढ्यात निधी संपला. दाराला कुलूप. फटीतून डोकावलं तर आत रचलेला ज्वारीचा कडबा दिसतो. सभा भरत नसेल, पण सभागृह भरलेलं आहे. हे गाइडनं प्रवाशांना ठासून सांगावं.

दुसरी व्यायामशाळा. हिचं कुलूप इतकं गंजलंय की आता ते चावीनंही उघडत नाही आणि ओढूनही निघत नाही. गावात याहून बळकट काही तिनं घडवल्याचं ऐकिवात नाही. तिसरं आरोग्य उपकेंद्राच्या मागचं निवासस्थान. तिथं चिमण्या, पाली आणि जुन्या लसीकरण मोहिमांचे फलक यांचा निवास आहे.

चौथं तलाठी कार्यालय. थांबा, तलाठी म्हणायचं नाही. २०२४ पासून ते 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आणि ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले. पाट्या बदलायच्या म्हणजे रंग आला, ब्रश आला, पेंटर आला. दार तेच, कुलूप तेच. आपण गेलो की होणारं बोलणंही तेच:

"चावी कोणाकडं?"

"शिपायाकडं."

"शिपाई?"

"टपाल घेऊन तालुक्याला."

"दुसरी चावी असेल ना?"

"साहेबांकडं."

"साहेब?"

"व्हीसीला."

व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. पूर्वी साहेब 'मिटिंगला' जात, तेव्हा निदान कुठल्या गावाला गेले ते तरी कळायचं. व्हीसीला गेलेला माणूस नेमका कुठं असतो, याचा शोध विज्ञानाला अजून लागायचा आहे.

या इमारती कधीच उघडत नाहीत असं म्हणणं मात्र अन्याय होईल. दोनदा उघडतात. एकदा उद्‌घाटनाला आणि एकदा तपासणी समिती येते तेव्हा. संत गाडगेबाबांच्या नावानं स्वच्छता अभियान सुरू झाल्यापासून गावानं तपासणीच्या शास्त्रात चांगलीच गती मिळवली आहे. १७ सप्टेंबर २०२५ पासून समृद्ध पंचायतराजचंही अभियान आलं. समिती यायच्या आदल्या रात्री रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याची रेघ पडते, झाडांच्या बुंध्यांना गेरू चढतो, भिंतीवर 'पाणी अडवा' उमटतं. सकाळी टेम्पोतून कुंड्या उतरतात. समिती पुढच्या गावाला निघाली की कुंड्याही निघतात, आणि बऱ्याचदा समितीच्या आधी पोचतात. त्या दिवशी मात्र सगळी दारं सताड उघडी. गावातली पोरं सभागृह आतून बघतात ती तेव्हाच. युरोपात ज्याला महोत्सव म्हणतात त्याला आपल्याकडं तपासणी म्हणतात, एवढाच फरक.

एका दाराचा उल्लेख इथं केलाच पाहिजे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ साली. बीडच्या स्टेशनात पहिली गाडी आली २०२५ साली, १७ सप्टेंबरलाच, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. दार उघडायला तीस वर्षं. परळीकडचं काम आपलं त्यामागं चालूच आहे.

आता तारखेचा प्रश्न. लंडनचा सप्टेंबर आम्हाला एका अर्थी सोयीचा आहे, कारण दसरा झाला की आमच्याकडं बघायला इमारती उरतात, दाखवायला माणसं उरत नाहीत. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते निघतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. तांड्या-वस्त्यांवर ओळीनं कुलपं दिसू लागतात. ज्या माणसानं घरकुलाचे हप्ते मिळवायला वर्षभर खेटे घातले, वाळू मिळवताना जीव मेटाकुटीला आणला, त्याचं पक्कं, दाराचं घर निम्मं वर्ष बंद, आणि तो स्वतः कारखान्याच्या रानात कोपीत. कोपीला दार नसतं. उसाच्या पाचटाची नाहीतर चटईची भिंत, आणि पुढं जुन्या लुगड्याचा पडदा. तिला ना कोनशिला, ना उद्‌घाटन. 'ओपन हाऊस' शब्दशः म्हणाल तर हेच. पण ते बघायला चिठ्ठ्या टाकून नंबर लावणारं कुणी अजून आढळलेलं नाही.

मागं राहिलेल्या घरांच्या चाव्यांचं मात्र बघण्यासारखं आहे. गावात एवढ्या कुलपांमध्ये हीच कुलपं अशी, की चावी कोणाकडं असं विचारलं तर एका दमात उत्तर मिळतं: शेजारच्या म्हातारीकडं. तिच्या कमरेला चार घरांच्या चाव्या असतात, कुठली कोणाची ते ती न बघता सांगते, आणि ती व्हीसीला जात नाही.

जिल्ह्यातल्या जुन्या वास्तूंचं गाऱ्हाणं आम्ही करणार नाही. अंबाजोगाईचा हत्तीखाना डोंगर कोरून काढलेला, केव्हाही जा. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या अमलात सलाबतखानानं बांधवून घेतलेली. तिचं पाणी दुष्काळातही आटत नाही, असं बीडची माणसं सांगतात. ही सगळी ठिकाणं आजही उघडी आहेत, कारण बांधणारे मेले तेव्हा चावी कोणाच्या हवाली करून गेले नाहीत.

एवढा प्रस्ताव लिहून झाल्यावर एका जाणकारानं आम्हाला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "अहो, हा महोत्सव चालू आहे." खरंच आहे. पुणे महापालिकेत आधीपासून चालत आलेली पद्धत राज्य शासनानं २०१८ च्या नोव्हेंबरात सगळीकडं लागू केली. जिल्हास्तरावरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कुणाही नागरिकानं जावं, दप्तर बघावं. रांग नाही, चिठ्ठी नाही. लंडनचा उत्सव वर्षातून एकदा, आपला आठवड्यातून एकदा. म्हणजे आपण लंडनच्या कितीतरी पुढं आहोत. फक्त कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर गर्दी होईल.

शिवाय २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. तो कायदा कागदापुरता नाही. त्यात चालू कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या मालाचा नमुनासुद्धा मागता येतो. लंडनमध्ये भिंतीला हात लावू देत नाहीत. इथं सिमेंटचा नमुना रीतसर अर्ज करून मिळतो, आणि काही ठिकाणी अर्जाशिवाय, बोटानंही निघतो.

तर येत्या सोमवारी आम्ही जाणार आहोत. इच्छुकांनी पावणेतीनला टपरीवर जमावं. पाण्याची बाटली जवळ ठेवावी, तिथल्या माठावरचा पेला साखळीला बांधलेला असतो आणि साखळी तोंडापर्यंत पोचत नाही. ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स घ्याव्यात, लागत नसल्या तरी मागतील. पेन आपापलं आणावं. आणि शिपायाचा मोबाईल नंबर ज्याच्याकडं असेल, त्यानं कृपा करून तालुक्याची एसटी सुटायच्या आत त्याला गाठावं.