ठेच कशी लागावी?

ठेच लागणे हा निव्वळ निष्काळजीपणा, असा गैरसमज मोताळ्यातच काय, पार मलकापूरपर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे लोक वाट्टेल तिथे ठेचकाळतात आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे पहिला सेकंद, फुकट घालवतात.

जागा आठवडी बाजाराची निवडावी. दगड जमिनीतून बोटभर वर आलेला आणि पक्का रुतलेला हवा. सुटा दगड घरंगळतो, मग शास्त्र कसले? अंगठा उजवा की डावा, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

अंगठा आपटला, हा स्पर्शाचा निरोप जाड, वेष्टन असलेल्या चेतातंतूंतून सेकंदाला पन्नासेक मीटरने सुटतो. म्हणजे ताशी 180 किलोमीटर. मलकापूर-बुलडाणा एसटीला हे स्वप्नातही झेपायचे नाही. पाठोपाठ, जरा सावकाश, तीक्ष्ण कळ येते. खरी ठणक मात्र वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंतून, सेकंदाला जेमतेम एक मीटर, अशी पायी येते. पाठीच्या कण्यापर्यंत पोचायलाच तिला सेकंदभर लागतो.

हाच तो सेकंद. नवखे लोक तो ‘आई गं’ म्हणण्यात संपवतात. मुरलेला माणूस आधी ओळखीचे कोणी बघत नाही ना, हे पाहतो, चेहरा सरळ करतो, मग दगडाकडे असे रोखून बघतो की चूक दगडाचीच वाटावी. मिरचीवाली मावशी ‘पाहून चाल ना बाप्पा’ म्हणेलच. उत्तर देऊ नये, ठणक पोचत आलेली असते. पाय तर केव्हाच वर उचललेला असतो. तो हुकूम कण्यातूनच सुटतो, मेंदूला नंतर कळवतात. याला लोकशाही म्हणत नाहीत, पण अंगठा वाचतो.

चेतातंतूंतल्या निरोपाचा हा वेग कधी मोजताच येणार नाही, असे शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचे मत होते. त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, 1850 च्या सुमारास तो बेडकाच्या पायावर मोजला: सेकंदाला तीसेक मीटर. पुढे माणसांनाही विजेचे हलके झटके देऊन पाहिले. मोताळ्यात एवढा खटाटोप नको, रस्ते आहेत.

ठणक पोचली की अंगठा खुशाल चोळावा. चोळल्याचा जलद निरोप कण्यातच दुखण्याची वाट अडवतो, असे मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली मांडले. आज्या ते आधीपासून करत होत्या.

जुना मधुमेह असलेल्यांनी हे मार्गदर्शन रद्द समजावे. त्यात सर्वांत लांबचे तंतू, म्हणजे पायाचेच, आधी बिघडतात. ठेच लागते, रक्त येते, निरोप पोचतच नाही. त्यांनी बाजारात बूट घालून जावे आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघावेत.